कर्करोग-संशोधनांतील सामाईक विहीर

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्यानें पुढें निघालें, कीं थोड्याच वेळांत ओझर लागतें. बाणगंगेच्या कांठचें हें गांव दोन कारणांनीं महाराष्ट्राला ठाऊक आहे. एक कारण विमानांचा कारखाना. १९६४ सालीं मिग जातीचीं लढाऊ विमानें बांधण्यासाठीं तो येथें उभा राहिला. दुसऱ्या कारणाचा गाजावाजा तितकासा झाला नाहीं. येथील शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था स्थापून वाघाड धरणाच्या कालव्याचें पाणी आपलें आपण वांटून घेण्याची शिस्त घालून दिली. पाणी मोजून घ्यावयाचें, मोजाप्रमाणें पट्टी भरावयाची, आणि चारीच्या शेवटच्या टोंकाला ज्याचें शेत आहे त्याच्यापर्यंतहि पाणी पोंचलें पाहिजे, हें त्या शिस्तीचें सार.

आजचा विषय कर्करोगावरील संशोधनाचा आहे. त्याच्या आरंभीं पाण्याची आणि विमानांची गोष्ट कशाला, असें कोणी विचारील. पण ज्या प्रश्नाविषयीं मला बोलावयाचें आहे तो शेतकऱ्याला आणि कारखानदाराला शास्त्रज्ञांच्या आधींच पडलेला आहे. जी वस्तु सर्वांनाच हवी, पण एकट्या-दुकट्याला परवडत नाहीं, आणि परवडली तरी एकट्याच्या हातीं पुरतेपणीं वापरली जात नाहीं, ती सर्वांनीं मिळून कशी ठेवावी? विमानाच्या कारखान्यांत पंख जोडणारे वेगळे आणि धड जोडणारे वेगळे असतात. परंतु धातूला आंतून तडा गेला आहे काय, हें तपासणारी शाळा प्रत्येकाची निराळी नसते. सातबाराच्या उताऱ्यावर ‘सामाईक विहीर’ अशी नोंद आपण पाहतों. मोठ्या रुग्णालयांतील संशोधनालाहि अशाच सामाईक विहिरी लागतात.

रुग्णालयाच्या खाटा, औषधालय, शस्त्रक्रियागृह हीं आपल्या ओळखीचीं असतात. पण जेथें कर्करोगावरील उपचारांबरोबर संशोधनहि चालतें, तेथें आणखी कांहीं खोल्या असतात व तेथवर रोग्याचें पाऊल कधीं पडत नाहीं. एका खोलींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, दुसरींत पेशी मोजणारें यंत्र, तिसरींत अतिशीत पेट्यांमध्यें जपलेले ऊतींचे नमुने, कोठें उंदरांचें प्राणिगृह, तर कोठें नुसते आंकडे तपासणारे संख्याशास्त्रज्ञ. या खोल्या कोणा एका प्राध्यापकाच्या मालकीच्या नसतात. कोणी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करतो, कोणी रक्ताच्या, कोणी तोंडाच्या. सगळे पाळी लावून तेथें येतात. सामाईक सोयी म्हणतात त्या याच.

त्यांचा उपयोग एका उदाहरणानें पाहूं. समजा, ओझरच्या एका गृहस्थांच्या गालाच्या आंतल्या बाजूस व्रण झाला आहे. वर्षानुवर्षें तंबाखूची गोळी तेथेंच धरून ठेवण्याची त्यांची संवय. तीन आठवडे झाले तरी व्रण भरत नाहीं, म्हणून डॉक्टर त्याचा डाळीएवढा तुकडा काढतात. तो फॉर्मलीनमध्यें ठेवून मग पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यांत बसवितात. त्या ठोकळ्याचे चार-पांच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्यें असे दोनशें काप सहज मावतील. त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. येथवरचें काम निदानाचें. तें प्रत्येक रोग्यासाठीं व्हावयासच हवें, आणि त्याला कोणी संशोधन म्हणत नाहीं.

पुढें मुंबईस शस्त्रक्रिया होऊन गांठ काढली जाते. निदानाला लागेल तेवढा भाग विकृतिशास्त्रज्ञ आधीं घेतात. उरलेल्यांतील थोडा भाग, रोग्यानें लेखी संमति दिली असेल तरच, ऊतींच्या भांडाराकडे जातो. सामाईक सोयींचें काम येथून सुरू होतें, आणि येथें घड्याळाला फार महत्त्व आहे. गांठ शरीरापासून सुटली, कीं तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींतील नाजूक द्रव्यें, विशेषतः आरएनए, बिघडूं लागतात. म्हणून तो तुकडा शक्यतों अर्ध्या तासाच्या आंत द्रवरूप नायट्रोजनमध्यें, म्हणजे उणें १९६ अंश सेल्सियसवर, गोठवावा लागतो. पुढें तो नायट्रोजनच्याच टाकींत किंवा उणें ८० अंशांच्या पेटींत ठेवतात. किती वाजतां काढला, किती वाजतां गोठविला, याची नोंद होते. रोग्याच्या नांवाऐवजीं सांकेतिक क्रमांक पडतो. ही नोंद चुकली, तर दहा वर्षांनीं तो तुकडा हातीं घेणाऱ्या संशोधकाला आपण रोगाचा अभ्यास करीत आहोंत कीं त्या दिवशींच्या दिरंगाईचा, हें कळावयाचें नाहीं.

भांडारांतून नमुना निघाला म्हणजे त्याच्या वाटा अनेक. पेशीमापक यंत्राचें उदाहरण घ्या. त्यांत पेशी पाण्याच्या बारीक धारेंतून एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या, जातात. वाटेंत त्यांच्यावर लेसरचा किरण पडतो. पेशी लहान कीं मोठी, आंतून नितळ कीं दाणेदार, हें विखुरलेल्या प्रकाशावरून समजतें. तिच्या अंगावर कोणतें प्रथिन आहे, हें आधीं चिकटविलेल्या चमकत्या रंगावरून समजतें. अशा हजारों पेशी सेकंदाभरांत तपासून होतात. रक्ताच्या कर्करोगांत उपचारानंतर दहा हजार पेशींमागें एखादी रोगट पेशी मागें राहिली आहे काय, हें नुसत्या डोळ्यांनीं शोधणें दुरापास्त. या यंत्राला तें साधतें.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचें काम निराळें. साध्या सूक्ष्मदर्शकाला मायक्रॉनच्या पांचव्या हिश्श्याहून बारीक तपशील वेगळा करून दाखवितां येत नाहीं, कारण प्रकाशाच्या लहरीची लांबीच त्याला आड येते. इलेक्ट्रॉनची लहर त्याहून हजारों पटींनीं आंखूड, म्हणून पेशीच्या आंतील पडदे आणि तंतु त्याला दिसतात. मात्र त्यासाठीं मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनहि पातळ काप घ्यावे लागतात, आणि तें हस्तकौशल्य वर्षांच्या सरावाशिवाय येत नाहीं. तिसरी वाट जनुकवाचनाची. गांठींतील पेशींची आणि त्याच रोग्याच्या रक्तांतील निरोगी पेशींची डीएनएची अक्षरें वाचून दोहोंची तुलना करतात. जो फरक गांठींत आहे आणि रक्तांत नाहीं, तेथें रोगाचें मूळ शोधावयाचें. यंत्र अक्षरें वाचतें. फरक खरा कीं वाचनांतील चूक, हें ठरविण्यास गणिती लागतो.

महाराष्ट्रांत या कामाचा पाया परळ येथें घातला गेला. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. त्या काळीं आजच्यासारखीं यंत्रें नव्हतीं. नीट जपलेले नमुने आणि नीट लिहिलेल्या नोंदी, हेंच भांडवल. १९४५ सालीं खानोलकरांनीं सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या संवयींशीं जडलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यांत वर्णिले होते : धोतराच्या घट्ट गांठीनें कमरेवर होणारा, चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढल्यानें टाळूला होणारा, आणि चुन्यांत मळलेली तंबाखू ओंठाखालीं धरल्यानें होणारा. एका रोग्याकडे पाहून असें अनुमान निघत नाहीं. अनेकांच्या नोंदी आणि काचपट्ट्या शेजारीं-शेजारीं मांडल्या म्हणजे तें दिसूं लागतें. सामाईक सांठ्याचें सामर्थ्य तें हेंच.

१९५२ सालीं रुग्णालयाला लागून भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तेथें दोन विदुषींनीं उभें केलेलें काम आवर्जून सांगण्यासारखें आहे. पुण्यास जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या, म्हणजे शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत जिवंत पेशी वाढविण्याची विद्या. मुंबईस परतल्यावर त्यांनीं या विद्येची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली. डॉ. सत्यवती सिरसाट यांनीं त्याच संस्थेंत वैद्यकीय संशोधनासाठीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा सिद्ध केली. दोघींचें कार्य केवळ स्वतःच्या निबंधांपुरतें राहिलें नाहीं. त्यांनीं विद्यार्थी तयार केले, आणि इतरांना ज्यावर उभें राहतां येईल असा ओटा बांधून ठेवला.

१९६६ सालीं रुग्णालय आणि संशोधन संस्था हीं टाटा मेमोरियल केंद्र या एका छत्राखालीं आलीं. पुढें परळची जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां संशोधन संस्था नव्या मुंबईंत खारघर येथें गेली, आणि २००२ पासून ती ‘ॲक्ट्रेक’ या नांवानें ओळखली जाते. पेशीमापन, सूक्ष्मदर्शन, प्राणिगृह, जनुकवाचन अशा सोयी तेथें सर्व प्रयोगशाळांसाठीं सामाईक ठेवल्या आहेत.

अशा व्यवस्थेनें काय साधतें, याचे दोन दाखले देतों. पहिला दाखला आपल्या ओझरच्या गृहस्थांच्याच रोगाचा. गाल आणि हिरडी यांच्या दरम्यान होणारा कर्करोग पाश्चात्त्य देशांत विरळा आणि आपल्याकडे फार. तेव्हां त्याची जनुकें वाचण्याचें काम आपल्याशिवाय कोण करणार? आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक संघाच्या योजनेंत भारतानें हाच रोग निवडला. रोग्यांचे नमुने व त्यांचा अभ्यास ॲक्ट्रेककडे आणि जनुकवाचन बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेकडे, अशी वांटणी झाली. प्रथम ५० रोग्यांच्या गांठी वाचल्या, आणि आढळलें तें खरें काय हें आणखी ६० जणांच्या नमुन्यांवर ताडून पाहिलें. २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या रोगांत वारंवार बिघडणारीं आणि पूर्वीं ठाऊक नसलेलीं पांच जनुकें त्यांत सांपडलीं. या ११० रोग्यांपैकीं प्रत्येकाच्या बाबतींत कोणी तरी वेळेवर तुकडा गोठविला होता आणि पेटीवर बरोबर क्रमांक लिहिला होता.

दुसरा दाखला उपचाराचा. रोग्याच्याच रक्तांतील लढाऊ टी-पेशी बाहेर काढून, कर्करोगाच्या पेशी ओळखतां याव्यात असा बदल त्यांत करून, त्या परत शरीरांत सोडण्याची पद्धति परदेशांत निघाली. परंतु तिचा खर्च कोट्यवधि रुपयांचा. मुंबईच्या आयआयटीनें टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्यानें ही पद्धति येथेंच विकसित केली. २०२१ सालीं खारघरला ती प्रथम रोग्यावर योजली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें ‘नेक्सकार-१९’ या नांवानें तिला शासकीय मान्यता मिळाली. अशा उपचारांत किती पेशींत बदल झाला, त्या जिवंत किती, शरीरांत सोडल्यावर टिकल्या किती, हें क्षणोक्षणीं मोजावें लागतें. मोजणारें यंत्र आणि तें जाणणारे हात आधींपासून हजर नसतील, तर उत्तम कल्पनाहि कागदावरच राहते.

आतां या सोयींच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. सामाईक विहिरीचें पाणी गढूळ झालें, तर तें सगळ्यांच्याच घरीं गढूळ जातें. याचा धडा शास्त्रानें चांगलाच घेतला आहे. ज्या डॉ. गाय यांच्याकडे रणदिवे शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गांठींतील पेशी अखंड वाढत राहिल्या, आणि ‘हेला’ या नांवानें जगभर गेल्या. त्या इतक्या जोमदार, कीं एका थेंबानें शिरकाव झाला तरी शेजारच्या भांड्यांतील पेशींना मारून स्वतःच माजाव्यात. १९६६ सालीं स्टॅन्ली गार्टलर यांनीं दाखविलें, कीं निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरले जाणारे अठरा पेशीवंश वास्तविक हेलाच होते. म्हणजे एखाद्यानें यकृताचा म्हणून केलेला अभ्यास गर्भाशयमुखाच्या पेशींवर झाला होता! म्हणूनच पेशींची ओळख डीएनएच्या ठशांवरून पडताळणें, यंत्र रोज प्रमाणित मण्यांवर तपासून घेणें, असलीं नीरस कामें सामाईक प्रयोगशाळेनें नित्यनेमानें करावयाचीं असतात.

त्याच पेशींनीं दुसराहि धडा दिला. त्या बाईंना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलेंच नव्हतें. त्यांच्या देहाच्या कणावर शास्त्र वाढलें, आणि कुटुंबाला पुष्कळ वर्षें त्याचा पत्ताहि नव्हता. आज असें चालत नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांप्रमाणें उरलेला नमुना संशोधनासाठीं ठेवावयाचा, तर त्यासाठीं रोग्याची संमति हवी, आणि नकार दिल्यानें उपचारांत कांहीं उणें पडतां कामा नये.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. यंत्र विकत घेण्यास एकदां पैसे मिळतात. तें चालतें ठेवण्यास दरवर्षीं लागतात, आणि ते मिळविणें अधिक कठीण. ज्याच्या बोटांत कला आहे त्या तंत्रज्ञाची नेमणूक तात्पुरती असली, तर तो जातो आणि त्याच्याबरोबर दहा वर्षांचें ज्ञान जातें. निबंधावर नांव प्राध्यापकाचें येतें. काप घेणाऱ्याचें, उंदरांची निगा राखणाऱ्याचें, पेटीचें तपमान मध्यरात्रीं पाहणाऱ्याचें नांव क्वचितच येतें. विहीर खणणाऱ्याचा सत्कार होतो. मोट ओढणाऱ्याचा होत नाहीं. मला वाटतें, या देशांतील संशोधनाचें यशापयश यंत्रांच्या संख्येपेक्षां या माणसांना आपण कसें वागवितों यावर अधिक अवलंबून राहील.

चौथी गोष्ट वांटपाची, आणि येथें ओझरचा शेतकरी आपला गुरु होऊं शकतो. कालव्याच्या तोंडाशीं असलेल्याला पाणी आपसूक मिळतें. शेवटच्या टोंकाला असलेल्यापर्यंत तें पोंचविण्यास नियम लागतो. मोठ्या शहरांतील संस्था कालव्याच्या तोंडाशीं आहेत. जिल्ह्याच्या गांवचें रुग्णालय टोंकाशीं. १९७४ सालापासून केंद्र सरकारनें विभागीय उपकरण केंद्रें काढलीं, तीं बाहेरच्या संशोधकांनाहि ठराविक दरानें यंत्रें वापरतां यावींत म्हणूनच. २०१२ सालीं टाटा मेमोरियलच्या पुढाकारानें राष्ट्रीय कर्करोग जाळें स्थापन झालें. आज त्यांत तीनशेंहून अधिक रुग्णालयें व संस्था आहेत, आणि उपचारांचे समान नियम व तज्ज्ञांचा सल्ला त्यांच्यामार्फत दूरवर जातो. निफाड तालुक्यांतील रोग्याचा मेणाचा ठोकळा मुंबईच्या रोग्याच्या ठोकळ्याइतकाच काळजीनें तपासला जावा, हा त्या सगळ्याचा अर्थ. तो अजून पुरता साधलेला नाहीं. पण दिशा ती आहे. यंत्राच्या वेळेची नोंद ठेवावी, वापराप्रमाणें आकार घ्यावा, गरजूला सवलत द्यावी, आणि पाळी ओळखीवर नव्हे तर क्रमावर ठरावी, हे नियम पाणीवापर संस्थेला जितके लागू तितकेच प्रयोगशाळेला.

घरीं बसून ऐकणाऱ्यांचा यांत काय संबंध, असें वाटणें साहजिक आहे. तो असा. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं हा रोग आला आणि रुग्णालयांत संमतिपत्र पुढें केलें गेलें, तर घाबरून सही करूं नये, आणि घाबरून नकारहि देऊं नये. नमुना कोठें राहील, कशासाठीं वापरला जाईल, नांव कसें गुप्त राहील, संमति पुढें मागें घेतां येईल काय, हें विचारावें. विचारण्याचा आपला अधिकार आहे. दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावयाचें असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून नेण्याची वहिवाट आहे, तीहि लक्षांत ठेवावी. आणि तोंडांतील जो व्रण तीन आठवड्यांत भरत नाहीं, तो दाखविण्यास चौथा आठवडा लावूं नये.

संमति दिलीच, तर त्या तुकड्याचा बहुधा देणाऱ्याला स्वतःला उपयोग होणार नाहीं. त्याचा उपयोग कदाचित् वीस वर्षांनीं, दुसऱ्याच गांवच्या, कधीं न पाहिलेल्या माणसाला होईल. पण सामाईक विहीर खणणाऱ्यांनीं तरी दुसरें काय केलें होतें? तिचें पाणी पिणाऱ्या पुढच्या पिढ्या त्यांनीं पाहिल्या नाहींत. त्यांनीं खणलें, कठडा बांधला, आणि पाळी ठरवून दिली. पाळी मोडूं न देणें आणि पाणी निर्मळ ठेवणें, एवढेंच मागाहून आलेल्यांकडे उरतें.